माझा हात पोचतो तिथवरची माती

मित्रांनो, जरा जपून आत या. या दारात ज्याला त्याला ठेच लागते आणि जो तो माझ्याकडे रागाने बघतो. मी एक जुनी पोलादी प्लेट आहे. फूटभर लांब, फूटभर रुंद, अंगठ्याएवढी जाड आणि उचलणाऱ्याच्या कमरेची परीक्षा घेईल इतकी वजनदार. सध्या मला दाराला टेकू म्हणून ठेवले आहे, पण म्हणून मला भंगार समजू नका. या कार्यालयात महागडी यंत्रे आहेत, भिंतभर नकाशे आहेत, शिकलेली माणसे तर पैशाला पासरी आहेत. पण जमिनीला पोट लावून तिला थेट प्रश्न विचारणारी मी एकटीच आहे.

माझा जन्म पोलादाच्या कारखान्यात झाला. ज्या मोठ्या पत्र्यातून मला कापले, त्याच पत्र्यातल्या माझ्या काही बहिणी पुलाला लागल्या, काही बोटीला लागल्या. त्यांचा थाट मोठा. मला मात्र एका कारागिराने एका बाजूने घासून घासून सपाट केले. तो माझ्यावर पट्टी ठेवायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि पट्टीखालून उजेडाची फट दिसली की पुन्हा घासायचा. तेव्हा मला त्याचा फार राग येई. पुढे कळले की माझी सारी अब्रू त्या सपाटपणातच आहे.

माझे काम काय ते सांगते. भिंत, इमारत, पाण्याची टाकी, काहीही उभे करायचे असो, खालची माती किती भार पेलेल हे आधी ठाऊक असावे लागते. त्यासाठी पायाच्या खोलीइतका खड्डा खणतात, तळ साफ करतात आणि मला तिथे पालथी निजवतात. माझ्या पाठीवर जॅक बसतो. जॅकच्या वर वाळूच्या पोत्यांचा डोंगर रचलेला असतो. मग जॅक मला हळूहळू खाली दाबू लागतो, आणि मी किती खाली गेले ते बाजूच्या डायलचे काटे दाखवतात. केसाएवढी सरकले तरी लपत नाही.

मातीमातीचा वेगळा स्वभाव असतो बरे का. मुरूम ताठ मानेने उभा राहतो. वाळू आधी थोडी कुरकुरते, मग गप बसते. चिकणमाती मात्र तोंडावर हो म्हणते आणि आपण चहा पिऊन येईपर्यंत शब्द फिरवते. पण माझ्यापुढे कुणाचे नाटक चालत नाही. भल्याभल्या जमिनींना मी बोलते केले आहे, हे मी काही उगाच फुशारकी म्हणून सांगत नाही.

मला विकत आणले ते मामांनी. ते माझे मामा नव्हेत. त्यांची भाची लहानपणापासून या कार्यालयात यायची, आणि तिच्या तोंडचे मामा हे नाव हळूहळू सगळ्यांच्याच तोंडी बसले. मामा स्थापत्य अभियंते आहेत. उतारावरची माती खाली येऊ नये म्हणून जी भिंत तिला अडवून धरते, तिला रिटेनिंग वॉल म्हणतात. तसल्या भिंतींचे आराखडे करण्यात त्यांचा हातखंडा. कितीतरी टेकड्या त्यांनी जागच्या जागी थोपवून धरल्या आहेत. नव्या ठिकाणी गेले की ते मला खड्ड्यात ठेवत आणि निकाल हाती आला की म्हणत, "प्लेट बोलली, विषय संपला." हे ऐकताना मला किती बरे वाटायचे म्हणून सांगू! पुलाला लागलेल्या बहिणींचा हेवा तिथल्या तिथे जिरून जायचा.

भाचीचे वडील ती लहान असतानाच गेले. आई नर्स, तिच्या ड्यूटीच्या वेळा विचित्र. म्हणून शाळा सुटली की भाची थेट इथे यायची, माझ्यावर बैठक मारायची आणि अभ्यास करायची. अभ्यास झाला की मामा तिला माती ओळखायला शिकवत. चिमूटभर ओली माती दाताखाली धरायची. कचकच लागली तर ती गाळवट, लोण्यासारखी पसरली तर चिकण. एकदा तिची आई नेमकी त्याच वेळी आली आणि भावावर अशी उखडली की मामा दोन दिवस बहिणीच्या दाराशी फिरकले नाहीत. भाचीने मात्र माती चाखायची सोडली नाही.

ती मोठी झाली, मामांच्याच वाटेने गेली, अभियंता झाली. शहराच्या बांधकाम खात्यात, आराखडे तपासायच्या विभागात तिला नोकरी लागली तेव्हा मामांनी सगळ्या कार्यालयाला अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली. आता माझ्या चुका काढणारी माझ्याच घरातून निघाली, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत हसत सांगत. त्यांना वाटत होते, ही थट्टाच आहे.

मग ती मोठी भिंत आली. टेकडीच्या अंगाने जाणारा रस्ता रुंद करायचा होता. त्यासाठी उताराच्या बाजूला तीन मजली घराएवढी उंच भिंत बांधून मागे भराव घालायचा होता. भिंतीच्या अगदी पायथ्याशी घरांची एक लांब ओळ होती. अंगणात वाळत घातलेले कपडे, दाराशी सायकली, खिडक्यांत कुंड्या, अशी नांदती घरे. मामा आता थकले होते. हे आपले शेवटचे मोठे काम, लोकांनी नाव काढले पाहिजे, असे ते उघड बोलून दाखवत.

मला तिकडे नेले. खड्ड्याच्या तळाशी पिवळी, कडक माती होती. जॅक दाबत होता, वरची पोती करकरत होती आणि मी जागची हलत नव्हते. आमचा फोरमन गेली कित्येक वर्षे माझ्या डायलवर नजर ठेवून आहे. त्या दिवशी त्यानेसुद्धा काटा अडकला की काय म्हणून डायलवर टिचकी मारून पाहिली. काटा अडकलेला नव्हता. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि नेहमीचे वाक्य म्हटले. त्याखेरीज खोल बोअर घेऊन खालची माती वर काढून बघायची पद्धत असते, पण बोअरचे यंत्र त्या चढावर चढवायचे म्हणजे डोक्याला ताप होता, आणि ठेकेदाराने तर घाईचा घोशाच लावला होता. ते राहून गेले.

आराखडा तपासायला भाचीकडेच गेला. तिने आपल्या साहेबांना आधीच नाते सांगून टाकले होते. साहेब म्हणाले, भिंतींचे तुझ्याइतके इथे कुणाला कळत नाही, तू तपास, शेवटची सही माझी राहील. तिने सगळे गणित नव्याने मांडले. भिंत पुढे सरकेल का, उलटेल का, लोखंड पुरेल का, सगळे चोख निघाले. मामांच्या कामात कानामात्रेची चूक नव्हती. तेवढ्यावर ती सही करून मोकळी झाली असती तर कुणी बोट ठेवले नसते.

पण ती जागेवर गेली, आणि वरच्या खड्ड्याकडे न जाता आधी खालच्या घरांमागून चालत निघाली. ऊन रणरणत होते, बाकीचे गवत वाळून कोळ झाले होते आणि तेवढ्या एका पट्ट्यात, खाली पाणी असल्याशिवाय जे तग धरत नाही ते लव्हाळे हिरवेगार उभे होते. कुंपणाचे खांब तेवढ्याच जागी तिरके झाले होते. एका आजींनी तिला सांगितले की खांब दर वर्षी सरळ करतो आणि दर वर्षी ते मान टाकतात. हे सगळे मला फोरमनकडून कळले, कारण तो तिच्या मागे मागे फिरत होता.

मग जागेवर बैठक झाली. मी तिथेच जीपच्या मागच्या बाजूला पडले होते. ठेकेदार होता, मामा होते, फोरमन होता. भाची मामांना जन्मभर अरेतुरे करत आलेली. त्या दिवशी मात्र तिने हातातली फाइल मिटली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, तुम्ही बोअर घेतल्याशिवाय या भिंतीला मंजुरी देता येणार नाही."

ठेकेदार खाली बघू लागला. मामांचा चेहरा पडला. नकार त्यांनी आयुष्यात पुष्कळ पचवले होते, पण तिच्या तोंडचे ते 'तुम्ही' त्यांच्या जिव्हारी लागले. ते तडक जीपमध्ये येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी भाची इथे आली. मी दाराशीच होते, त्यामुळे शब्द न् शब्द माझ्या कानावर पडला. मामा खुर्चीतून उठले नाहीत. प्लेटचा निकाल वाचला नाहीस का, एवढेच त्यांनी विचारले.

"वाचला मामा. निकाल खरा आहे," ती म्हणाली. "पण प्लेट आहे फूटभर. तिचा जोर खाली दोन फुटांपर्यंत पोचतो, फार तर. तुझ्या भिंतीचा पाया या खोलीएवढा रुंद आहे, त्याचा जोर कुठल्या कुठे खोल जाणार. गादीवर बोट दाबून बघितलं तर वरचा कापूसच हाताला लागतो. खालची मोडकी फळी कळते ती अख्खा माणूस झोपल्यावर."

खरे सांगते, मित्रांनो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. जी पोर माझ्या पाठीवर बसून पाढे शिकली, तिने मला बोटाची उपमा द्यावी? पण रागाच्या भरातही मला कळत होते की ती माझ्याबद्दल अवाक्षर खोटे बोलत नव्हती. मी जे सांगितले ते माझा हात पोचतो तिथवरचे होते, आणि तिथवर ते सोळा आणे खरे होते. त्याच्या खालचे मला कुणी विचारले नव्हते आणि विचारूनही मला सांगता आले नसते. यात मला काही कमीपणा वाटत नाही. आपला हात कुठवर पोचतो हे ठाऊक असणे म्हणजेच खरी ऐट.

"हे सगळं मीच शिकवलंय तुला," मामा म्हणाले.

"हो. तूच शिकवलंस."

"मग माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

तिने माझ्या निकालाचा कागद त्यांच्या पुढ्यात सरकवला. मग म्हणाली, "भरवसा तुझ्यावर आहे. जमिनीवर नाही."

मामा म्हणाले की ते साहेबांकडे जातील आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतील. खुशाल घे, ती म्हणाली, त्यांनाही मी हेच लिहून देईन. ती जाताना तिचे डोळे भरून आले होते. माझ्यापाशी थबकून तिने ते पुसले म्हणून मला दिसले, मामांना दिसले नाही. तिच्यापुढे साधा हिशोब होता. सही केली तर मामा राहणार होते, पण त्या खालच्या घरांची खात्री कोण देणार? आणि सही अडवली तर बापाच्या जागी असलेला माणूस तुटणार होता. तिने घरे धरली. मामा तुटले.

त्यानंतर बरेच दिवस दोघांत अबोला होता. भाचीची आई एकदा भावाला समजवायला आली. भावाने नकाशावरून मान वर केली नाही. निघताना ती एवढेच म्हणाली, की लहानपणी पोरीला माती चाखायला लावलीस, आता ती गोड लागली नाही म्हणते तर रागावतोस कशाला. दुसऱ्याच दिवशी मामांनी फोरमनला बोलावून बोअरचे यंत्र चढवायला सांगितले. हेतू काही फार चांगला नव्हता. बोअर घेऊन तिचे तोंड बंद करायचे, असे ते फोरमनला स्पष्ट म्हणाले.

यंत्राचे भाग सुटे करून दोरखंडांनी वर ओढले. मामांनी मलाही बरोबर घेतले, जणू माझीच बाजू मांडायला वकील निघाला होता. भाची खात्यातर्फे आली होती आणि चार हात लांब उभी होती. नळी जमिनीत घालायची, वरून घणाचे ठोके द्यायचे, जितके ठोके जास्त तितकी माती घट्ट, अशी ही पद्धत. पहिल्या नळीतून पिवळी कडक माती आली. दुसरीतूनही तीच आली. मामा माझ्याकडे बघून हसले आणि मीही मनातल्या मनात फुगले.

तिसऱ्या वेळी फोरमनने अजून घण उचललाही नव्हता. नळी आपल्याच वजनाने खाली जाऊ लागली, जात राहिली, आणि फोरमनचा हात घणावरच राहिला. नळी वर काढून उघडली तर आत काळा, कुबट वासाचा चिखल. कधी काळी तिथे तळे किंवा ओढा असणार, आणि वर्षानुवर्षे त्यावर पिवळ्या मातीचे कडक झाकण बसलेले. मी त्या झाकणावर बसून शेखी मिरवली होती.

मामांनी त्या चिखलात अंगठा दाबला. अंगठा मुळापर्यंत आत गेला. ती भिंत उभी राहिली असती, तिच्यामागे भराव पडला असता, आणि सगळे ओझे त्या चिखलापर्यंत पोचले असते. मग भिंत हळूहळू पुढे झुकून खालच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, सायकलींवर, कुंड्यांवर, माणसांवर गेली असती. मामांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते मटकन माझ्यावरच बसले. भाचीने पाण्याची बाटली आणून त्यांच्या हातावर ओतली. मी सांगत नव्हते का, असे ती म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही. मला वाटते, त्या दिवशी तिने केलेले सगळ्यात अवघड काम हेच असावे.

काम थांबवायला मामांनीच ठेकेदाराला सांगितले. ठेकेदाराने कपाळाला हात लावला. मामांनी सगळा आराखडा नव्याने केला. चिखल भेदून थेट खडकावर टेकणारे खांब घातले आणि त्यांच्यावर भिंतीचा पाया ठेवला. नवा आराखडा पुन्हा भाचीकडे गेला आणि पुन्हा एक शेरा घेऊन परत आला: भिंतीमागचे पाणी निघून जायला ठेवलेली भोके कमी पडतील. तो वाचून मामा आधी लाल झाले, मग खो खो हसत सुटले. आता ही भोकेसुद्धा मोजायला लागली, असे पुटपुटत त्यांनी ती वाढवली. मंजुरी आली. भिंत उभी राहिली. आज तिच्यामागे अख्खी टेकडी रेललेली आहे आणि खालच्या आजींच्या कुंपणाचे खांब अजून तिरके होतात, पण ती त्यांची जुनीच खोड आहे.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. मलाही तसेच वाटले होते. भिंत पुरी झाल्यावर एका सकाळी मामांनी भाचीला बोलावून घेतले आणि कपाटावरून धुळीने माखलेली एक गुंडाळी काढली. ती त्यांनी टेबलावर उलगडली.

"ही तुझ्या आईच्या घरामागची भिंत," ते म्हणाले. "मीच बांधलेली. हिचा पायाही असाच रुंद आहे, आणि हिलाही मी नुसती प्लेटच लावली होती. ही तपास."

भाची नकाशाकडे बघतच राहिली. ज्या घरात ती वाढली, जिथे तिची आई आजही एकटी राहते, त्याच्या परसात ही भिंत. ती चाचरत म्हणाली की ही जुनी भिंत तिच्या खात्याच्या कक्षेत येत नाही.

"खात्याला सांगत नाहीये मी. तुला सांगतोय. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही बाळ."

मित्रांनो, मी आयुष्यभर भार सोसत आले, पण म्हाताऱ्या माणसाने आपले पुरे झालेले, वाखाणलेले काम स्वतःच्या हाताने दुसऱ्यापुढे ठेवून 'चूक शोध' म्हणणे, याइतके जड मी काही पाहिलेले नाही. तुमच्या वहीवर, तुमच्या चित्रावर, तुमच्या कामावर कुणी बोट ठेवले तर लगेच फुरंगटून बसू नका. तपासणारा माणूस तुमच्यावर उठलेला नसतो. तो खालच्या घरांकडे बघत असतो. आणि माझ्यासारख्यांना जरूर वापरा, आमच्यावर गंज चढू देऊ नका, आम्ही आमच्या पोचेपर्यंतचे खरेच सांगतो. फक्त आमच्या पोचेपलीकडचे आमच्या तोंडी घालू नका.

त्या परसात बोअर घेतली तेव्हा मलाही नेले होते. भाचीची आई स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी राहून बघत होती. भावाने तिच्यापासून काहीच लपवले नव्हते. नळी खाली गेली, घणाचे ठोके पडू लागले आणि नळी हलेना. घट्ट मुरूम. त्याच्या खाली आणखी घट्ट मुरूम. मग घण टणकन उडाला आणि फोरमन म्हणाला, "खडक लागला." भाचीने नळीतली चिमूटभर माती दाताखाली धरली आणि मान हलवली.

मामा बहिणीशेजारी पायरीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आता रडतोस कशाला, चांगलेच निघाले ना, बहीण म्हणाली, भिंत तर इतकी वर्षे उभीच होती.

"इतकी वर्षं ती नशिबानं उभी होती, ताई," मामा म्हणाले. "आजपासून ती तपासून उभी आहे."